पाहुणा धरून

गोरेगावात मसाल्याची दुकानं आणखीही आहेत, पण उन्हाळा लागला की वर्षाच्या काळ्या मसाल्यासाठी बायांची झुंबड या एकाच दुकानदाराकडे. मिरचीच्या खकाण्यानं सगळ्या शिंकत असतात, हा मात्र ढिम्म. धने तळहातावर चुरडून सरळ गिऱ्हाइकाच्या नाकाशी धरतो आणि विचारतो, "बराबर?" नाही म्हणायची सोय नाही.

किती माल हवा हे त्याला सांगायचं नसतं. तो विचारतो, "ताई, खाणारे किती?" आपण तीन म्हटलं की मोठ्यानं म्हणतो, "पाहुणा धरून चार," आणि त्या अंदाजानं मिरची, धने, दगडफूल तोलतो. जास्त माल खपवायची ही युक्ती, असं मी घरी येऊन दरवर्षी यांना सांगायची.

लेक सासरी गेली आणि दिवाळीनंतर हेही गेले. यंदा त्यानं नेहमीसारखं विचारलं, तेव्हा मी खाली बघत म्हणाले, "आता मी एकटीच."

"पाहुणा धरून दोन," तो नेहमीएवढ्याच मोठ्यानं म्हणाला आणि तोलायला लागला.

"अहो, माझ्याकडं आता कोण येणार?"

"ते मला काय माहीत? तुमी मसाला तर करून ठेवा."

बरणी गळ्यापर्यंत भरली. एकटीला कधी सरायची? काल शेजारच्या काकूंना मीच हाक मारली, "संध्याकाळी जेवायलाच या. मसाला उगाच वास जाऊन पडायचा."