स्वयंपाकघरातून ऐकलेला पियानो

अनंता गेल्याचा फोन त्याच्या मुलीने केला, तेव्हा मी पोहे खात होतो. ‘काका, बाबा गेले पहाटे.’ मी ‘बरं’ म्हणालो, फोन ठेवला आणि ताटलीतले उरलेले पोहे संपवले. पाच आठवडे झाले, डोळ्यांत टिपूस नाही. लोक म्हणतात, धीराचा हो माणूस! धीर कसला डोंबलाचा... आत काही हलतच नाही.

अनंता पियानो सुरात लावायचा. लालबागच्या चाळीतला, कोकणातून आलेल्या गिरणी कामगाराचा मुलगा. गिरगावातल्या एका म्हाताऱ्या गोवेकर कारागिराच्या हाताखाली शिकला. स्वतःला एक गाणं वाजवता येत नव्हतं! मी दादरच्या शाळेत संगीत शिकवायचो. गिरगावातलं एक जुनं घर पाडणार म्हणून तिथला सलून ग्रँड पियानो माझ्या गळ्यात पडला, तेव्हा पाय सोडवून, एका बाजूवर उभा करून तो दोन जिने वर आणवला अनंतानेच. सहा फुटांहून थोडा लांब. ‘हा सभागृहाचा नाय रे, दिवाणखान्याचा,’ तो म्हणाला. त्याच्या मते लांबी नेमकी होती. खालच्या तारांना पसरायला जागा मिळते, आणि आवाज भिंतींवर आदळत नाही. झाकण उचलून त्याने तारांखालची लाकडी पाटी दाखवली, मधे किंचित फुगीर. ‘आवाज हिचो. तारो काय, निमित्ताक.’ खालचा सूर दाबला की फरशीतून पायांत यायचा, मधले माणसासारखे बोलायचे, आणि वरचे काचेच्या बांगड्यांसारखे किणकिणायचे.

त्याची एक खोड होती. काम करताना मला हॉलमध्ये थांबू द्यायचा नाही. ‘जा, चाय टाक. आतून ऐक. वाजवणाऱ्याला काय कळतंय? भिंतीपलीकडे पोचतो तो खरा सूर.’ मग मी स्वयंपाकघरात, तो बाहेर. पट्टी वाजायची, मी ओरडायचो, ‘नाही!’ त्याची किल्ली फिरायची, तार ताणली जायची. पुन्हा ‘नाही!’ ‘मेल्या, कान तपासून घे!’ पण सूर लागेपर्यंत उठायचा नाही. सव्वीस वर्षं आम्ही असे भांडलो.

गेल्या दिवाळीआधी आला. त्याच्या मुलीने मला आधीच सांगून ठेवलं होतं, बाबांना बारीक आवाज ऐकू येत नाहीत, पण कबूल करत नाहीत. खालचे, मधले सूर झकास लागले. मग अगदी वरच्या टोकाची पट्टी वाजली. चक्क बेसूर. ‘लागला?’ त्याने विचारलं. मी चहा गाळत होतो. म्हणालो, ‘लागला! एकदम मस्त.’

 कप घेऊन बाहेर गेलो तर तो किल्ली फडक्यात गुंडाळत होता. ‘एका झटक्यात हो?’ म्हणाला. ‘सव्वीस वर्षांत पहिल्यांदा.’ हसला. चहा प्यायला. हत्यारांची पिशवी पियानोखाली सरकवली. ‘राहू दे इथेच.’ त्यानंतर त्याने कुठलाच पियानो लावला नाही. त्याला सांभाळायला म्हणून मी खोटं बोललो, आणि त्याचं काम माझ्याच तोंडून संपलं. ‘नाही’ म्हणालो असतो तर शिव्या घालत पुन्हा बसला असता. फोन करून बोलू, बोलू म्हणत राहिलो... राहूनच गेलं.

परवा नवीन ट्यूनर आली. वरळीची मुलगी, मोबाइलवर बघून सूर लावते. ‘बसा ना काका इथेच,’ म्हणाली. मी सवयीने आत जाऊन दोन कप चहा टाकला. बाहेर एक पट्टी वाजली. वरच्या टोकाची, अनंताने सोडली होती तशीच बेसूर.

‘नाही!’ मी ओरडलो. ‘नाही रे अनंता, नाही लागला!’

ती दाराशी आली. ‘काका, मी अजून किल्लीसुद्धा लावली नाही. नुसती वाजवून बघत होते...’

चहा उतू जात होता. गॅसचं बटण मला दिसेना.