विलायती दस्ता

आज पंचवटीतल्या माझ्या दुकानात मीच घडवलेल्या टेबलाला जवसाचं तेल चोळताना त्या वासानं वडील आठवले. शस्त्रागारात आम्ही दोघंही सुतार होतो. जुन्या इंग्रजी रायफलींचे फुटलेले लाकडी दस्ते बदलून नवे घडवायचो. बोटांना घट्टे पडलेले, म्हणून वडील लाकूड गुळगुळीत झालंय का ते गाल लावून बघायचे आणि त्यासाठी रोज दाढी घोटायचे. एकदा नवे साहेब आले. वडिलांनीच केलेल्या दस्त्यावरून हात फिरवत म्हणाले, "याला म्हणतात विलायती काम! आपल्याकडे जमेल का कुणाला?" "नाही साहेब," वडील म्हणाले. घरी येताना मी चिडलो, "दादा, सांगितलं का नाही?" सायकल ढकलत ते थकून म्हणाले, "सांगितलं असतं, तर लगेच चुका दिसल्या असत्या त्यांना." मघाशी एका गिऱ्हाईकानं याच टेबलावरून हात फिरवत विचारलं, "इम्पोर्टेड का?" मी हो म्हणून टाकलं.