टोलेकाकांची दहा मिनिटं

"दोन मिनिटं मागणारा माणूस दोन मिनिटांत कधीच थांबत नाही," टोलेकाका एकदा म्हणाले होते. तेव्हा त्यांच्या हातात ती पितळी घंटा होती. उगाच वाजू नये म्हणून आतला लोलक त्यांनी दोन बोटांत धरून ठेवला होता.

फादर आणि सिस्टर मंडळींच्या त्या विद्यापीठात, मोठ्या सभागृहात, बावीस वर्षं ते वेळ राखत आले. खुर्च्या मांडणं, माइक तपासणं, पडदे झटकणं हेही त्यांचंच काम. पण ओळख घंटेची. पहिल्या रांगेच्या डाव्या टोकाला, भिंतीवरच्या क्रूसाखाली, त्यांचं छोटं टेबल. वक्त्याची दोन मिनिटं उरली की एक टोला, वेळ संपली की दोन. समोर बिशप असोत की मंत्री, टोला चुकायचा नाही. 'मौनाचं महत्त्व' या विषयावर एक विद्वान चाळीस मिनिटं झाली तरी थांबेनात, तेव्हा काकांनी त्यांना मौनात बसवलं, हा किस्सा कॅन्टीनमध्ये अजून सांगतात. पाणीटंचाईवर बोलायला आलेली माणसं अर्ध्या प्यालेल्या बाटल्या टेबलावर सोडून जात. ते पाणी काका व्हरांड्यातल्या कुंड्यांना घालत आणि म्हणत, "चला, व्याख्यानाचा कुणालातरी उपयोग झाला."

त्याआधी बारा वर्षं ते पत्र्याच्या कारखान्यात होते. छपरावर घालतात ते सिमेंटचे पत्रे. काकांचं काम ॲस्बेस्टॉसची पोती फोडायचं. आत कापसासारखं पांढरं काहीतरी असे, हलकं, हवेत तरंगणारं. संध्याकाळी फाटकातून बाहेर पडणारी माणसं एका दिवसात म्हातारी झाल्यासारखी दिसत. कारखाना बंद पडला आणि काका इथे लागले. त्यांची छाती ठणठणीत राहिली.

बायको मात्र पंचेचाळिशीत गेली. शेवटचे सहा महिने तिला आडवं होता येईना. भिंतीला उशी लावून ती बसल्या बसल्या झोपायची. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसाचा आजार आहे, कशाने झाला ते सांगता येत नाही. कारखान्याची पायरी ती कधी चढली नव्हती. नातेवाईक म्हणाले, नशीब. एकुलती एक मुलगी म्हणाली, आईने सगळं अंगावर काढलं. काकांना तरी कुठे काय माहीत होतं.

ते कळायला अकरा वर्षं जावी लागली, आणि कळलं तेही त्याच सभागृहात, घंटा हातात असताना. छातीच्या विकारांच्या एक डॉक्टरबाई बोलायला आल्या होत्या. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "धोका फक्त कामगाराला नसतो. त्याचे कपडे घरी धुणाऱ्याला असतो, झटकणाऱ्याला असतो. ॲस्बेस्टॉसचा तंतू छातीत जाऊन बसतो आणि वीस वर्षं, तीस वर्षं, कधी चाळीस वर्षं गप्प राहतो."

त्या दिवशी टोला पडला नाही. व्याख्यान वीस मिनिटं लांबलं. सगळे काकांकडे बघत होते आणि काका मांडीवरच्या घंटेकडे. लोलक त्यांनी मुठीत इतका घट्ट धरला होता की तळव्यावर वळ उठला. नंतर व्याख्यानांचं काम बघणाऱ्या सिस्टर हसत म्हणाल्या, "काय काका, आज डुलकी लागली वाटतं?"

"हो," काका म्हणाले.

झटकणाऱ्याला. हा शब्द त्यांच्याबरोबर घरी आला. कपडे बायको धुवायची हे खरं. पण झटकायचं काम तिचं नव्हतं. बाबांची पावलं वाजली की सहा-सात वर्षांची मुलगी दाराशी धावत यायची, हातातून शर्ट हिसकायची, स्टुलावर चढून दोन्ही हातांनी तो झटकायची. तिरप्या उन्हात पांढरे कण उडायचे. "बर्फ! बर्फ!" म्हणत ती तोंड वर करून उभी राहायची. बायको आतून ओरडायची, "अगं, डोळ्यांत जाईल!" डोळ्यांपलीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. काका तर हसत उभे असायचे.

मुलगी आता छत्तिशीची. चार गल्ल्या पलीकडे तिचं सासर, शिवणाचं दुकान. दर रविवारी यायची, आल्या आल्या बापाच्या स्वयंपाकघराला नावं ठेवत भांडी घासायला घ्यायची. काकांनी एका रविवारी विषय काढला.

"तू एकदा छाती दाखवून ये डॉक्टरला."

"का? मला काय धाड भरलीय? छाती उत्तम आहे माझी. जीभ त्याहून उत्तम आहे, सासूबाईंना विचारा."

ती हसली. काका गळक्या नळाबद्दल बोलू लागले. पुढच्या रविवारीही नळ. नळ दुरुस्त झाला, तेव्हा खिडकीची कडी. सांगायचं म्हणजे दोन गोष्टी सांगायच्या होत्या. तुझ्या आईला मी घरी आणलेल्या धुळीने मारलं. आणि ती धूळ तुझ्याही आत असेल. पहिली सांगितल्याशिवाय दुसरी सांगता येत नव्हती, आणि दुसरीला उशीर करून चालणार नव्हतं.

मग नव्या सत्राचा कागद आला. 'आगामी व्याख्याने व अभ्यासक्रम.' नदीवर दोन व्याख्यानं, कचऱ्यावर एक, स्थलांतरितांच्या वस्त्यांवर एक, आणि 'श्रम आणि श्वास' हा सहा शनिवारांचा अभ्यासक्रम, सर्वांसाठी खुला. काका फलकावर कागद लावत असताना सिस्टर मागे येऊन उभ्या राहिल्या.

"काका, पहिल्या शनिवारी दहा मिनिटं तुम्ही बोला. पत्र्याच्या कारखान्यात काम केलेलं आमच्यात दुसरं कोण आहे?"

"छे, छे! मी काय बोलणार?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच सिस्टरांकडे गेले. त्या शनिवारी मंचावर त्याच डॉक्टरबाई असणार होत्या. घरातल्या ओट्यापाशी जे तोंडातून निघत नाही ते तिथून निघेल, आणि निघाल्यावर पुढचं सांगायला कुणी जाणतं माणूस जवळ असेल, एवढाच त्यांचा हिशेब.

"बोलतो. पण दहा म्हणजे दहा. आठला एक टोला, दहाला दोन."

"अहो, तुमच्यावर कसली घंटा वाजवायची?"

"नियम म्हणजे नियम, सिस्टर." आणि लोलक कसा धरायचा, मनगट किती हलवायचं, तेही त्यांनी शिकवलं.

काकांनी बोलावल्याप्रमाणे शनिवारी मुलगी तिसऱ्या रांगेत येऊन बसली. "बाबा, पडू नका हं वर," म्हणाली. काका पाच पायऱ्या चढले आणि आयुष्यात पहिल्यांदा माइकच्या त्या बाजूला उभे राहिले.

कारखान्याबद्दल एकच मिनिट बोलायचं ठरवलं होतं. पण तिथलं त्यांना आजवर कुणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर बारा वर्षं आपापल्या पायांनी चालत आली. पोतं फोडायची सुरी. डबा खाताना भिंतीकडे तोंड करून बसायचं, म्हणजे घासावर धूळ कमी पडते. शेजारचा सोबती, जो खोकायचा आणि म्हणायचा, "माझा सुटीचा भोंगा तुमच्याआधी वाजणार बघा," आणि वाजला. लोक हसले, मग गप्प झाले. काका बोलत राहिले.

एक टोला.

ते दचकले. टिपणाचा कागद शोधत हात घाईने खिशाकडे गेला, रिकामाच परत आला. "तर घरी गेलो की शर्ट दारातच काढायचो. माझी बायको तो धुवायची. पण धुण्याआधी झटकायला लागायचा. आणि तो झटकायचं काम..."

दोन टोले.

काका थांबले. तोंड उघडं राहिलं, मग मिटलं.

"बोला काका, बोला!" सिस्टर गोंधळून उठल्या. "मी आपली तुम्ही सांगितलंत म्हणून..." मागून कुणी म्हणालं, "बोलू द्या त्यांना!" काका माइकपासून एक पाऊल मागे सरले. याच जागेवरून किती जणांनी हात जोडून दोन मिनिटं मागितली होती, आणि किती जणांना त्यांनी ती दिली नव्हती.

मुलीला वाटलं, बाबा घाबरले. त्यांना सोडवायला ती जागेवरून उठली.

"पुढचं मी सांगते," ती हसत म्हणाली. "शर्ट मी झटकायचे! दारात, स्टुलावर उभी राहून. एवढा पांढरा धुरळा उडायचा. मी म्हणायचे बर्फ पडतंय. आई नुसती ओरडायची."

सभागृह मोकळं होऊन हसलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत.

"किती वर्षांच्या होता तुम्ही?" त्यांनी मंचावरूनच विचारलं.

"सहा-सात. दहा वर्षांची होईपर्यंत तरी झटकायचे."

"रोज?"

"रोज. का हो?"

डॉक्टरबाई काकांकडे बघत होत्या. मुलीनेही तिकडे बघितलं. हसू तिच्या चेहऱ्यावर अजून होतं, पण ते तिथे कशासाठी आहे हे आता तिला कळत नव्हतं.

"बाबा?"

काका पायऱ्या उतरले. छोट्या टेबलापाशी थांबले. घाईत सिस्टरांनी घंटा आडवी ठेवली होती. आत दोन बोटं घालून त्यांनी लोलक धरला, घंटा उभी केली आणि बोटं सावकाश काढून घेतली. आवाज झाला नाही. मग तिसऱ्या रांगेशेजारून, मुलीने पुढे केलेल्या हाताला न लागता, बाजूच्या दाराने ते बाहेर पडले.