‘नाही’सुद्धा वाचा

रुग्णालयात फोन केला की ‘नमस्कार, कोणता विभाग हवाय?’ असं विचारणाऱ्या बाईंना सगळे ऑपरेटरबाई म्हणत. डोळ्यांनी त्यांच्याकडून लहानपणीच रजा घेतली होती. तेव्हापासून कानच डबल ड्यूटी करत होते. कोणता डॉक्टर खोकला ते त्यांना भिंतीपलीकडून कळे, आणि लहर आली तर तो खोकला त्या काढूनही दाखवत. मोठ्या सिस्टरांचा ‘हॅलो’ तर इतका हुबेहूब की एकदा फोनच्या दुसऱ्या टोकाला एक वॉर्डबॉय ताठ उभा राहिला होता.

जुन्या टेलिफोन-बोर्डाची कळ न् कळ त्यांच्या बोटांना पाठ होती. मग तो बोर्ड गेला आणि संगणकाच्या पडद्यावरचा नवा प्रोग्रॅम आला. बाईंच्या संगणकात पडदा वाचून दाखवणारा एक आवाज होता, त्याला त्या पोपट म्हणत. नव्या प्रोग्रॅमपुढे पोपटाची मतीच गुंग झाली. बाई पुढे सरकत आणि तो म्हणे, ‘बटण. बटण. बटण.’ अरे बाबा, कोणतं बटण? तर, ‘बटण.’

प्रोग्रॅम बसवायला आलेला तंत्रज्ञ भला माणूस होता. त्याने सांगितलं, पोपटाचा दोष नाही. प्रोग्रॅमची बटणं आणि खिडक्या ज्या फ्रेमवर्कवर उभ्या राहतात, ते इथल्या लिनक्समध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ प्रणालीत, जुनं आहे. नव्या आवृत्तीत बटणं आपापली नावं सांगतात, पण ती तयार मिळत नाही. सोर्स कोड उतरवून स्वतः कंपाइल करावी लागते. थोडक्यात, पीठ मिळत नाही, गहू आणा आणि दळा. बाईंनी घरच्या संगणकावर ते करून पेनड्राइव्हवर आणावं, तो जोडून देईल.

मोठ्या सिस्टरांनी सोमवारपर्यंतची मुदत दिली. तोवर जमलं नाही तर खुर्ची दुसऱ्या कुणाला, आणि बाईंनी आतल्या खोलीत बसून बँडेज गुंडाळायची. बसून काम आहे, दगदग नाही, असं त्या अगदी मायेने म्हणाल्या. ती मायाच जास्त लागली.

रविवारी सकाळी बाई स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी संगणक घेऊन बसल्या. शेजारी त्यांनी नवऱ्याला बसवलं. नवरा बसकंडक्टर, त्याची सुट्टी होती. कंपाइल करताना जुना संगणक धापा टाकतो आणि पोपट अडखळतो, म्हणून पोपटाला गप्प केलंय. पडद्यावर काय येतं ते तुम्ही वाचा, असं त्यांनी सांगितलं. नवीन फ्रेमवर्क वेगळ्या फोल्डरात ठेवायचं होतं. जुन्याला हात लावला असता तर पोपटच मुका झाला असता.

पहिला हुकूम सोडताच संगणकाने यादी दिली: कोणता भाग बांधता येईल, कोणता नाही. कंडक्टरने घसा खाकरला. ‘चित्रं, येस. फॉन्ट, येस. छपाई, येस. चला पुढे.’

मग खरं दळण सुरू झालं. तो टक्के पुकारत राहिला. मधेच आवाज एकदम खाली आला, दाराबाहेरच्या नातेवाइकांशी डॉक्टर बोलतात तसा. ‘अगं, वॉर्निंग आलीय.’

‘येऊ द्या. वॉर्निंग म्हणजे शेजारीण, बोलते आणि जाते. एरर आली तर सांगा.’

एरर आली नाही. दुपारी फोल्डर तयार झालं. बाईंनी पोपटाला जागं केलं, तंत्रज्ञाने चाचणीसाठी दिलेला फोनचा प्रोग्रॅम नव्या फ्रेमवर्कवर उघडला आणि कळ दाबली.

‘बटण,’ पोपट म्हणाला.

बाईंनी सकाळची यादी पुन्हा पडद्यावर आणली आणि सावकाश वाचायला सांगितली. कंडक्टरने वाचली. छपाईनंतर त्याचा ताल किंचित चुकला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं.

‘तिथे काय गाळलंत?’

‘नो होतं ते. गाडी जिथे थांबत नाही तो थांबा कुणी पुकारतं का?’

‘वाचा.’

‘ॲक्सेसिबिलिटी, नो.’

पोपटाशी बोलणारा भाग तोच. एक लहानसं पॅकेज संगणकात नव्हतं, म्हणून फ्रेमवर्क त्या भागाशिवायच बांधलं गेलं होतं. सकाळपासूनचं सगळं पाण्यात.

बाईंनी पॅकेज बसवलं आणि पहिल्यापासून सुरुवात केली. कंडक्टरने आता येस वाचलं, नो वाचलं, स्वल्पविरामसुद्धा सोडला नाही. ‘ॲक्सेसिबिलिटी, येस’ हे तर त्याने दोनदा वाचलं. दळण पुन्हा लागल्यावर त्याने बिचकत विचारलं, ही यादी पोपटाला नसती का वाचता आली?

‘आली असती. फाइलमध्ये ठेवून नंतर. आणि त्याने नो गाळलं नसतं.’

‘मग मला कशाला बसवलंस?’

बाईंनी टेबलावरचा नसलेला कचरा झटकला. ‘सहा दिवस तुमचा आवाज सगळं शहर ऐकतं. रविवारी तुम्ही मिटून बसता. घरात कुणी आहे की नाही, तेच मला कळत नाही.’

कंडक्टरने खुर्ची जवळ ओढली आणि वाचायला लागला. टक्के तर वाचलेच, वॉर्निंगाही एकेक करून वाचल्या, त्या कुणी विचारल्या नसताना. बाईंनी थांबवलं नाही. दिवेलागणीला पोपट म्हणाला, ‘बाल विभाग. बटण.’ तोवर कंडक्टरचा घसा पार बसला होता.

सोमवारी तंत्रज्ञाने फोल्डर जोडून दिलं. मोठ्या सिस्टर खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. पहिलाच फोन आदल्या दिवशी दाखल झालेल्या मुलीच्या आईचा. तिला धड वाक्यही जुळवता येत नव्हतं. बाईंच्या एका कानात ती आई, दुसऱ्यात पोपट: ‘अपघात. क्ष-किरण. बाल विभाग.’

‘जोडते हं, ताई. फोन ठेवू नका, मी आहे.’

वरच्या मजल्यावर कुणीतरी फोन उचलला. मागे मोठ्या सिस्टरांच्या चपला वळल्या. बाईंनी कान दिला: आतल्या बँडेजच्या खोलीकडे नाही, जिन्याकडे गेल्या. त्यांनी पुढचा फोन घेतला.