पुस्तकात सुटलेला भाऊ

हॉस्पिटलच्या लाँड्रीत आक्का एकवीस वर्षं होती. चादरींना इस्त्री करणारं रोलरचं मोठं यंत्र ती चालवायची आणि ते बिघडलं की दुरुस्तीला मी. एका टोकाला आक्का ओली चादर लावायची, दुसऱ्या टोकाला तिची जोडीदारीण घडी घालायची. ही जोडीदारीण इतकी बोलायची की तिला सगळे रेडिओ म्हणायचे. आक्काचं बोलणं मात्र कामापुरतं. तिनं लग्न केलं नव्हतं. आई गेल्यावर धाकट्या भावाला तिनंच वाढवलं, आणि तो तर तिच्याहून अबोल. घरात त्याचं नावच घुम्या पडलं होतं.

घुम्या एका कापडाच्या गोदामावर रात्रीचा वॉचमन होता. एका सकाळी गोदामाचा मालक आतल्या ऑफिसात मरून पडलेला सापडला. किल्ल्या दोघांकडेच, मालकाकडे आणि घुम्याकडे. पोलिसांनी घुम्याला उचललं. साडेतीन वर्षं खटला चालला आणि तेवढी वर्षं तो आत राहिला. दर तारखेला आक्का रजा टाकून कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बसायची. शेवटी तो पुराव्याअभावी सुटला. पण खरा खुनी सापडलाच नाही, आणि लोकांनी ‘सुटला’ हे सोडून ‘पुराव्याअभावी’ तेवढं धरून ठेवलं. त्याला कुणी कामावर घेईना. तो जिन्यात दिसला की शेजारीपाजारी पोरांना आत ओढायचे. दीड वर्षात छातीच्या दुखण्यानं तो गेला.

त्यानंतर चार वर्षांनी त्या कोर्टातले एक निवृत्त कारकून लाँड्रीच्या दारात येऊन उभे राहिले. खटल्याची प्रत्येक तारीख त्यांनी ऐकली होती आणि त्यावर कादंबरी लिहिली होती. एक प्रत आक्काच्या हातात ठेवून म्हणाले, “बाई, वाचा सवडीनं.”

आक्काची शाळा चौथीपर्यंतची. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून, ओळीवर बोट ठेवून ती वाचायची. चार महिने लागले. शेवटच्या प्रकरणात मालकाचा मेहुणा खुनी निघतो आणि वॉचमन ताठ मानेनं कोर्टाबाहेर पडतो. ते वाचून झालं तशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, “मेकॅनिक, छापलंय बघ. त्यानं नाही केलं, असं छापलंय.”

त्या दिवसापासून बाई बदलली. जिन्यातून मान वर करून चालू लागली. भेटेल त्याला पुस्तक वाचायला द्यायची. घ्यायचे सगळे, वाचायचं कुणी नाही. रेडिओनं तर तीन महिने उशाशी ठेवून पान न उलटता परत केलं. मीही वाचलं नव्हतं, खोटं कशाला बोलू.

म्हणून त्यावर सिनेमा येतोय म्हटल्यावर आक्काला कोण आनंद! “वाचायचा कंटाळा ना तुम्हाला? आता बसल्या जागी बघा,” असं म्हणून तिनं लाँड्रीतल्या आम्हा आठ जणांना आणि जिन्यातल्या शेजारणीला नवऱ्यासकट गोळा केलं. रविवारी दुपारच्या खेळाला ठेवणीतले कपडे घालून ती सगळ्यांच्या आधी दारात हजर.

सिनेमा रटाळ होता. इन्स्पेक्टर झालेला नट अंधारात उभा राहून सिगारेटी फुंकायचा, दर दहा मिनिटांनी गाड्या एकमेकींच्या मागे धावायच्या. पुस्तकभर चाललेलं कोर्ट दोन मिनिटांत गुंडाळलं होतं. मागे कुणीतरी घोरत होतं. आक्का मात्र पुढे वाकून बसलेली. वॉचमन दिसला की शेजारणीला कोपरानं ढोसायची, “हाच तो.”

शेवटी मेहुणा निर्दोष ठरला. इन्स्पेक्टर परत गोदामात गेला, तेव्हा बॅटरी घेऊन उभा असलेला वॉचमन त्याच्याकडे बघून हसायला लागला. कसा मारला, का मारला, सगळं हसत हसत सांगत सुटला. थिएटरात कुणीतरी शिट्टी मारली. इन्स्पेक्टरनं गोळी झाडली आणि दिवे लागले.

आमच्यातलं कुणी उठेना.

“पुस्तकात असं नाहीये,” आक्का म्हणाली. “अरे, पुस्तकात असं नाहीये.”

रेडिओनं तिचा हात धरला. “जाऊ दे गं. सिनेमाच भिकार होता.”

शेजारीण नवऱ्याचा दंड धरून पुढे निघून गेली. आणि माझ्या मनात, क्षणभरच, आलं की किल्ल्या तर दोघांकडेच होत्या. त्याच वेळी आक्कानं माझ्याकडे पाहिलं. तिला ते दिसलं असणार.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर ती मला घेऊन कारकुनांच्या घरी गेली. म्हातारा खिडकीपाशी बसला होता. “मलाही नाही आवडला,” तो म्हणाला. “पण हक्क देऊन बसलो. त्यांना शेवटी धक्का हवा होता.”

“मग तुम्ही पेपरात लिहा. खरं काय ते तुम्हाला ठाऊक आहे.”

त्यानं चष्मा काढला. “बाई, मला काय ठाऊक? लोक बोलायचे, मी टाइप करायचो. जे जजसाहेबांना कळलं नाही ते मला कुठून कळणार?”

“आणि मेहुणा?”

“कादंबरी संपवायला कुणीतरी खुनी लागतो. तुम्ही मागच्या बाकावर बसलेल्या दिसायच्या. दया आली, म्हणून तुमच्या भावाला सोडवला.”

आक्का उठली. पायऱ्या उतरताना तिनं कठडा दोन्ही हातांनी धरला होता.

थिएटरात सिनेमा जेमतेम आठवडाभर टिकला, पण तेवढा आठवडा पुरला. पुढे तो टीव्हीवर वरचेवर लागायला लागला. दुकानदार सहज म्हणायचा, “काल तुमच्या भावाचा सिनेमा होता.” पुस्तकाची नवी आवृत्ती निघाली. आत शेवट जुनाच होता, पण कव्हरवर तो हसणारा वॉचमन. आत बघणार कोण?

एका दुपारी मी यंत्राचा पट्टा बदलत असताना आक्का जवळ येऊन उभी राहिली.

“मेकॅनिक, मी त्याला कधी विचारलंच नाही.”

“काय?”

“तू केलंस का म्हणून. विचारावंसं वाटलंच नाही कधी. आणि तोही एकदासुद्धा म्हणाला नाही की मी नाही केलं.”

“आक्का, तो बोलायचाच कुठे?”

“तेच तर.” ती रोलरकडे बघत राहिली. “आता त्याचा चेहरा आठवायला गेलं ना, की तो सिनेमातला येतो. हसतो मेला.”

त्यानं नाही केलं गं, एवढंच मी म्हणायला हवं होतं. जिभेवर आलंही होतं. पण मलाही ठाऊक नव्हतं, आणि माझं खोटं तिनं लगेच ओळखलं असतं. मी पट्टा घट्ट करून यंत्र चालू केलं.

नोकरीची चार वर्षं बाकी असताना तिनं राजीनामा दिला. निरोप द्यायचं आम्ही ठरवलं होतं, ती त्या दिवशी आलीच नाही. महिन्याभरानं रेडिओ तिच्या खोलीवर जाऊन आली. दाराला कुलूप होतं. आक्का कुठे गेली ते कुणालाच सांगता येईना. शेजारीण म्हणाली, “बरं झालं बाई. आता जिन्यात पोरांना मोकळं सोडता येतं.”