ग्रुपवर टाकलेला गुप्त कोड

कुपवाडच्या पंपाच्या कारखान्यात गिऱ्हाइकांचे फोन मी घेते. फोन येताच गिऱ्हाइकाची माहिती माझ्या स्क्रीनवर दिसावी, ही जोडणी करायला एक सॉफ्टवेअरवाली मुलगी एकदाच आली. काही अडलं की ओढणी कमरेला खोचायची.

जोडणीचा गुप्त कोड, म्हणजे सगळ्या गिऱ्हाइकांच्या माहितीची किल्लीच, साहेबांनी कारखान्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. आमच्याकडे हजेरीपासून बारशापर्यंत सगळं तिथंच टाकतात. तिने ओढणी खोचली आणि कोड रद्द केला. माझी स्क्रीन कोरी झाली.

साहेब ओरडले, "चालू कर ते! ग्रुपवर सगळी घरचीच माणसं हायत."

"न्हाई. नवा कोड मीच सिस्टीममधी बसवणार. कुणाला दिसणार न्हाई."

"कंपनी कुणाची हाय?"

"तुमची. पण नंबर गिऱ्हाइकांचे हायत. त्यात वडूजच्या माझ्या आईचाबी हाय."

नवा कोड बसवूनच ती गेली. आता कुणी गिऱ्हाइकाचा नंबर ग्रुपवर टाक म्हटलं, की माझा हात आधी ओढणीकडे जातो.