लेकीची सायकल आणि बोरगावचा बगीचा

मला एका जागी बसवत नाही. माहेरी म्हणायचे, हिच्या पायाला भिंगरी आहे. पण सून होऊन सौंसरला आले आणि कुठेही जायचं तर कोणीतरी सोडून द्यायचं, कोणीतरी घ्यायला यायचं, असं सुरू झालं. आमचा संत्र्याचा बगीचा बोरगावच्या वाटेवर, फार लांब नाही. तिथेही मला कोणी सोडायला मिळेपर्यंत ओसरीत ताटकळावं लागे. माझं डोकं तापायचं.

मागच्या वर्षी नवऱ्याची बदली पांढुर्ण्याला झाली. स्कूटर घेऊन तो सकाळीच निघायचा, दिवेलागणीला परतायचा. बगीच्याकडे बघायला कोणी उरलं नाही. फळं गळू लागली, ठिबकच्या नळ्या उंदीर कुरतडू लागले. "विकून टाकू," नवरा म्हणाला. मला ते पटेना. त्यातली निम्मी कलमं सासूबाईंनी आणि मी मिळून लावलेली. बगीचा सासूबाईंच्या नावावर होता, पण त्यांनीही मुलाला अडवलं नाही.

लेक नागपूरला शिकायला गेलेली. तिला शाळेतून मिळालेली सायकल घरी पडून होती. पन्नाशीला टेकलेली मी ती कापसाच्या जिनिंग कारखान्यामागच्या मैदानात नेऊन चालवायला शिकले. गुडघे फोडून घेतले, चेनमध्ये अडकून पदर काळा झाला. गल्लीतल्या बायका मुद्दाम दारात येऊन उभ्या राहायच्या.

"या वयात काय करून राहिली व?" सासूबाई म्हणायच्या. "लोकं हासून राहिले. दात पाडून घरी आली तं कोण पाहीन?"

लेकीला फोनवर सांगितलं तर ती हसत सुटली. "आई, अमेरिकेत सायकल नवीन होती ना, तेव्हा डॉक्टरसुद्धा बायांना भेव दाखवत होते, तोंड वाकडं होईल म्हणून. बायांनी ऐकलंच नाही. झगे आखूड केले अन् एकट्या फिरायला लागल्या."

म्हणजे तिथल्या बायकांनाही कोणीतरी सोडून द्यावं लागत होतं तर! मला फार बरं वाटलं. दुसऱ्या दिवसापासून मी सायकलने बगीच्यात जाऊ लागले. नळ्या बदलल्या, गळलेली फळं वेचून पुरली, फवारणी करून घेतली.

तरी नवऱ्याने गिऱ्हाईक ठरवलंच. खंडेनवमीला सकाळी एक व्यापारी बगीचा पाहायला येणार होता. त्याच्या आधी पोचून त्याला तोंडावर नाही म्हणायचं, असं मी ठरवलं. घाईघाईने ओसरीत आले तर सायकल गायब! सासूबाईंनीच लपवली असणार. मी तणतणत मागच्या अंगणात गेले.

खंडेनवमीला आमच्याकडे शेतीची अवजारं धुऊन पुजतात आणि दिवसभर त्यांना कोणी हलवत नाही. भिंतीशी फावडं, विळे, कुऱ्हाड, फवारणीचा पंप ओळीने मांडले होते. पंपाशेजारी सायकल. स्वच्छ धुतलेली, हँडलला झेंडूची माळ, सीटवर हळदकुंकू.

"हात नोको लावू व," सासूबाई पाटावरून म्हणाल्या. "आज अवजार हालवत नसते."

"अवजार?"

"नाई तं काय? रोज वावरात जाते ना ते." त्यांनी पंपावर फूल ठेवलं. "त्या व्यापाऱ्याले फोन कर. सांग, म्हातारीची सही भेटणार नाही. बगीचा पाहणारं माणूस घरात हाय."

मला रडूच आलं. डोळे पुसून मी फोन केला. मग दिवसभर त्या सायकलभोवती येरझारा घालत राहिले. दुसरी सकाळ काही केल्या उजाडेना.